अंडाशयातील गाठ : या चुका टाळा

सोनोग्राफीच्या अहवालात ‘सिस्ट’ हा शब्द वाचून ‘आजच काढून टाका’ असा आग्रह धरणाऱ्या रुग्ण मला जवळजवळ रोज भेटतात. पाळी चालू असलेल्या वयात स्त्रीबीज दर महिन्याला पाण्याने भरलेल्या पुटकुळीतच वाढते. ती पुटकुळी वेळेवर फुटली नाही आणि वाढत राहिली, तर तिलाच अहवालात गाठ म्हटले जाते. पातळ भिंतीची, आत केवळ पाणी असलेली, ५ सें.मी.पेक्षा लहान गाठ बहुधा दोन-तीन पाळ्यांत आपोआप जिरते. शंका वाटल्यास मी दोन-तीन महिन्यांनी, पाळी संपल्यावर लगेच, पुन्हा सोनोग्राफी करून घेते. त्याआधी दर पंधरवड्याला तपासण्या करून काहीही हाती लागत नाही.

सुईने पाणी काढून घेणे हा मला न पटणारा उपाय आहे, कारण गाठ पुन्हा भरते. गर्भनिरोधक गोळ्यांनीही असलेली गाठ लवकर जिरत नाही.

याउलट चूक अधिक महागात पडते. चोविशीतील एका मुलीला ७ सें.मी.ची डर्मॉइड गाठ होती. अशा गाठीत केस आणि चरबी असते, त्यामुळे ती कोणत्याही औषधाने विरघळत नाही. तरीही शस्त्रक्रिया टाळून घरच्यांनी तिला वर्षभर ‘गाठ विरघळवणारा’ काढा दिला. एका रात्री ओटीपोटात एका बाजूला अचानक असह्य कळ आली, उलट्या सुरू झाल्या. पित्त समजून ओवा आणि वेदनाशामक गोळी देण्यात आली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती माझ्याकडे पोहोचली, तेव्हा अंडाशयाला तीन पीळ पडले होते. वेळेत पीळ सोडवला तर काळवंडलेले अंडाशयही अनेकदा वाचते. तिचे मात्र सडू लागले होते, काढावेच लागले. गाठ असल्याचे ठाऊक असताना अशी कळ आली, चक्कर आली किंवा ताप चढला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

स्वतःच्या मनाने सीए-१२५ (अंडाशयाच्या कर्करोगाच्या संशयात केली जाणारी रक्ततपासणी) करून घेऊ नये. एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणे), फायब्रॉइड (गर्भाशयातील साधी गाठ), पोटाचा क्षयरोग, इतकेच काय पाळी चालू असतानाही तो आकडा वाढतो, आणि तरुण मुली कर्करोगाच्या धास्तीने विनाकारण झुरतात.

पाळी कायमची गेल्यानंतर दिसलेली गाठ मात्र, कितीही लहान असली तरी, स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावीच. त्या वयात पोट सतत फुगलेले राहणे किंवा दोन घासांतच पोट भरणे हे अपचन समजून महिनोन्‌महिने अंगावर काढू नये.