लिनक्सवर डायल-अप मोडेम लावायचाय? आधी त्याच्याशी हाताने बोला

डायल-अप आता कोण वापरतं असं विचारणाऱ्यांनी इथूनच परत फिरा, हे ज्यांच्याकडे फोनच्या तारेशिवाय दुसरं काही पोचत नाही किंवा ज्यांना जुनं मशीन परत जिवंत करायचंय त्यांच्यासाठी आहे. बहुतेक जण काय करतात, मोडेम लावला की लगेच नंबर आणि पासवर्ड भरून डायल मारतात, लागत नाही, मग अख्खी संध्याकाळ सेटिंग उलटीपालटी करत बसतात आणि शेवटी कळतं की लिनक्सला मोडेम दिसतच नव्हता. त्यामुळे आधी मोडेम दिसतोय का ते बघा, मग तो बोलतोय का, मग डायल करतोय का, आणि हे सगळं झाल्यावरच पीपीपीला (फोनच्या लाइनवरून इंटरनेट चालवायची पद्धत) हात लावा.

मोडेम कुठला आहे यावर अर्धी लढाई ठरते. बाहेर ठेवायचा, नऊ पिनांच्या सीरियल पोर्टला लागणारा, वेगळा अडॅप्टर असलेला मोडेम असेल तर तुमचं नशीब चांगलं, त्याला ड्रायव्हर लागतच नाही. विंडोजमध्ये ज्याला कॉम १ म्हणतात ते इथे टीटीवायएस०, कॉम २ म्हणजे टीटीवायएस१, मोजणी शून्यापासून. यूएसबी मोडेम असेल तर तो लावा आणि लगेच टर्मिनलमध्ये डीमेसेज (dmesg, कर्नलचे म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे मेसेज दाखवणारी) कमांड देऊन शेवटच्या चार ओळी बघा, तिथे टीटीवायएसीएम० असं नाव आलं तर काम झालं समजा.

आता कटकटीचा प्रकार, मशीनच्या आत बसवलेलं स्वस्तातलं कार्ड. याला विनमोडेम म्हणतात. खऱ्या मोडेममध्ये सिग्नलचं सगळं गणित मोडेमवरची चिप करते, विनमोडेममध्ये ती चिपच वाचवलेली असते आणि ते काम तुमच्या सीपीयूवर ड्रायव्हरकडून करून घेतात, आणि तो ड्रायव्हर विंडोजसाठी लिहिलेला. ल्युसेंट, कोनेक्झंट, स्मार्टलिंक यांच्या चिपांसाठी लिनक्स ड्रायव्हर आले होते, पण ते जुन्या कर्नलला धरून होते, नव्या कर्नलवर बसवायचे म्हणजे नुसती डोकेदुखी. एलएसपीसीआयमध्ये (lspci, मशीनमधल्या कार्डांची यादी दाखवणारी कमांड) कार्ड दिसलं म्हणून हुरळून जाऊ नका, दिसणं वेगळं आणि चालणं वेगळं. माझं स्पष्ट मत, त्यात आठवडा घालवण्यापेक्षा सेकंडहँड बाहेरचा सीरियल मोडेम शोधा.

पोर्टचं नाव कळलं की स्वतःला परवानगी द्या. डेबियन, उबुंटूवर तुमचा यूजर डायलआउट ग्रुपमध्ये हवा, आणि ग्रुपमध्ये घातल्यावर एकदा लॉगआउट होऊन परत लॉगइन करा, हे विसरून "परमिशन डिनाइड"वर चिडणारे खूप बघितलेत (मीही त्यातलाच).

आता मिनिकॉम, म्हणजे मोडेमशी टाइप करून बोलायचा प्रोग्राम. रूट (अ‍ॅडमिन यूजर) होऊन त्याच्या सेटअपमध्ये जा, सीरियल पोर्टचं नाव भरा, स्पीड ११५२००, हार्डवेअर फ्लो कंट्रोल चालू, सॉफ्टवेअर फ्लो कंट्रोल बंद, सेव्ह करा आणि बाहेर या. समोर काळी स्क्रीन येईल. तिथे एटी टाइप करून एंटर मारा. खाली ओके आलं ना, झालं, मोडेम जिवंत आहे. टाइप केलेलं दिसत नसेल पण ओके येत असेल तर इको बंद आहे, एटीई१ द्या. काहीच येत नसेल तर पोर्ट चुकलाय किंवा केबल ढिली आहे किंवा मोडेममॅनेजर नावाची सर्व्हिस मागून पोर्ट धरून बसलीय, ती बंद करून परत बघा.

मग तिथूनच एटीडीटी आणि पुढे नंबर. स्पीकरमधून आधी डायल टोन, मग आकडे, मग ती ओळखीची किरकिर आणि खरखर ऐकू आली पाहिजे. "नो डायलटोन" आलं तर मोडेमला टोन ऐकू येत नाही. माझी एकदा याच ठिकाणी दोन तास वाट लागली होती, सगळ्या कमांड पालथ्या घातल्या आणि शेवटी बघतो तर भिंतीकडून आलेली वायर मोडेमच्या "लाइन" ऐवजी "फोन" लिहिलेल्या भोकात. वायर बरोबर असेल आणि तुमच्या लाइनचा टोनच वेगळा, तुटक वाजत असेल तर आधी एटीएक्स३ द्या, म्हणजे मोडेम टोनची वाट न बघता डायल करतो. ऑफिससारख्या ठिकाणी बाहेरच्या लाइनसाठी आधी ९ किंवा ० लावावा लागत असेल तर त्या आकड्यानंतर स्वल्पविराम टाका, सहसा २ सेकंद थांबतो. आवाज नको असेल तर एटीएम०, पण सगळं नीट चालेपर्यंत आवाज ठेवाच, कुठे अडलंय ते कानालाच आधी कळतं.

इथपर्यंत आलात तर पुढचं फारसं अवघड नाही. मिनिकॉम बंद करा, नाहीतर पोर्ट अडकून राहतो. डब्ल्यूव्हीडायल (wvdial, डायल करून देणारा प्रोग्राम) आणि पीपीपी (ppp) ही पॅकेजं लागतात, आणि नेट नसताना ती आणायची कशी हा विनोद आहेच, दुसऱ्या मशीनवर त्यांच्या सोबतच्या लायब्रऱ्यांसकट उतरवून पेनड्राइव्हने आणा. मग सुडोने डब्ल्यूव्हीडायलकॉन्फ चालवा, तो मोडेम शोधून इटीसी (/etc) फोल्डरमध्ये डब्ल्यूव्हीडायल डॉट कॉन्फ ही सेटिंगची फाइल लिहून ठेवतो. त्यात फोन, यूजरनेम, पासवर्ड या तीन ओळींच्या सुरुवातीला अर्धविराम असतो, तो काढून आपली माहिती भरा, अर्धविराम तसाच राहिला तर ओळ वाचलीच जात नाही. एटीएक्स३ लागत असेल तर ते इनिटच्या ओळीत घाला. मोडेम जोडला जातो पण पुढे लॉगिनच्या प्रॉम्प्टवर घुटमळतो असं दिसलं तर "स्टुपिड मोड" समोर १ लिहा, नाव विचित्र आहे पण काम करतं, कनेक्ट झाल्या झाल्या थेट पीपीपी सुरू होतं.

आता सुडो डब्ल्यूव्हीडायल. "कनेक्ट ११५२००" दिसलं तर तो कॉम्प्युटर आणि मोडेममधला स्पीड असतो, लाइनवरचा नाही, लाइनवर व्ही.९० (डायल-अप मोडेमचं ५६ केचं स्टँडर्ड) असला तरी ५६ केच्या पुढे जात नाही. पीपीपीडी (पीपीपी चालवणारा प्रोग्राम) लगेच बंद पडत असेल तर सिसलॉग (सिस्टिमच्या नोंदी) बघा, कोड १९ म्हणजे पासवर्ड किंवा नाव चुकलं, १६ म्हणजे समोरून लाइन तुटली.

आयपी मिळाला पण साइट उघडत नाही? ८.८.८.८ ला (गूगलचा सर्व्हर) पिंग मारा. उत्तर आलं तर फक्त डीएनएस (साइटच्या नावावरून आयपी शोधणारी सेवा) गंडलाय, पीपीपीच्या ऑप्शनमध्ये यूजपीअरडीएनएस आहे का बघा. उत्तर नाही आलं आणि लॅनची वायरही लावलेली असेल तर जुना डिफॉल्ट रूट (नेटचा ट्रॅफिक बाहेर जायचा ठरलेला रस्ता) तसाच असतो आणि पीपीपीडी तो बदलत नाही, वायर काढून परत डायल करा.

आणि हो, पहिल्यांदा लागलं की लगेच ऑटो अपडेट बंद करा. सेकंदाला ५ केबी धरले तर १० एमबीला अर्ध्या तासाहून जास्त वेळ जातो, आणि मशीन मागे गुपचूप अपडेट ओढत असेल तर तुम्हाला वाटेल मोडेमच बिघडलाय. काम झालं की त्याच टर्मिनलमध्ये कंट्रोल सी दाबा आणि लाइन सुटल्याचा मेसेज येईपर्यंत थांबा, नुसती खिडकी बंद केली तर कधीकधी लाइन धरलेलीच राहते आणि मीटर चालूच.