सी मधून डिस्कची मोकळी जागा कशी बघायची

सी प्रोग्राममधून डिस्क किती भरली ते बघायचं म्हटलं की लोक सरळ डीएफ कमांड चालवतात आणि तिच्या आउटपुटचे तुकडे करत बसतात. कशाला बे एवढा उद्योग, डीएफ आतून जे विचारतं तेच आपण थेट विचारू शकतो की.

लिनक्सचा सिस्टिम कॉल आहे स्टॅटएफएस, पण त्याचं स्ट्रक्ट प्रत्येक सिस्टिमवर वेगळं, म्हणून त्याच्यावर बसवलेलं पॉझिक्सवालं (म्हणजे युनिक्ससारख्या सिस्टिमच्या सामायिक स्टँडर्डमधलं) स्टॅटव्हीएफएस घ्या. हेडर सिस स्लॅश स्टॅटव्हीएफएस डॉट एच. स्ट्रक्ट स्टॅटव्हीएफएसचा एक व्हेरिएबल करा, फंक्शनला आधी पाथ द्या आणि मग त्या व्हेरिएबलचा ॲड्रेस. पाथ माउंट पॉइंटचाच पायजे असं काही नाही, त्या फाइल सिस्टिममधली कुठलीही फाइल चालते. शून्य आलं तर झालं काम, उणे एक आलं तर पेरर (एररचा मेसेज छापणारं फंक्शन) मारून बघा, बहुतेक पाथच चुकलेला असतो नाहीतर मधल्या फोल्डरची परमिशन नसते.

आता हिशोब. स्ट्रक्टमधले एफ_ब्लॉक्स (एकूण), एफ_बीफ्री (मोकळे), एफ_बीअव्हेल (साध्या युजरला मिळणारे) हे आकडे बाइटचे नाहीत, ब्लॉकचे आहेत, आणि त्यांना गुणायचं एफ_एफआरसाइझने, एफ_बीसाइझने नाही. ईएक्सटी४ वर (लिनक्सची नेहमीची फाइल सिस्टिम) दोन्ही साधारण ४०९६च असतात म्हणून चूक पकडली जात नाही, दुसरीकडे गेलं की हिशोब बोंबलतो. २६२१४४ ब्लॉक गुणिले ४०९६ म्हणजे १०२४च्या हिशोबाने बरोबर १ जीबी. गुणायच्या आधी अनसाइन्ड लाँग लाँगमधे कास्ट करा, नाहीतर ३२ बिटच्या मशीनवर ४ जीबीपुढे आकडा पुन्हा शून्यापासून सुरू होतो.

बीफ्री का बीअव्हेल? ईएक्सटी४ फॉरमॅट करताना डिफॉल्टने ५ टक्के जागा रूटसाठी राखून ठेवते, म्हणजे ५०० जीबीत २५ जीबी गेली. बीफ्री तीही धरतं, म्हणून २० जीबी मोकळी दिसते आणि साध्या युजरला एक बाइट लिहिता येत नाही. युजरला दाखवायचा आकडा बीअव्हेलचाच.

आणि एवढ्यावर थांबू नका. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात डिझाइनवाला सांगत होता, "अर्धी डिस्क रिकामी दिसायलीय ओ मालक, तरी सेव्ह होईना, जागा नाही म्हणतंय." जॅकार्ड डिझाइनच्या बारक्या बारक्या फायलींचा ढीग साठला होता आणि आयनोड (प्रत्येक फाइलला लागणारी नोंद) संपले होते, ईएक्सटी४ वर ते किती असणार हे फॉरमॅट करतानाच ठरतं आणि एरर मात्र तीच येते, ईएनओएसपीसी. म्हणून एफ_फेव्हेल (साध्या युजरला उरलेले आयनोड) पण तपासा. टक्केवारी काढणार असाल तर आधी एफ_फाइल्स (एकूण आयनोड) शून्य नाही ना ते बघा, बीटीआरएफएस ही दुसरी फाइल सिस्टिम तिथं शून्यच देतं आणि मग भागाकारात प्रोग्राम आडवा.

एनएफएस माउंटवर (नेटवर्कवरून जोडलेली डिस्क) सर्व्हर गेला तर हा कॉल तिथंच अडकून बसतो, त्यामुळं स्क्रीनवाल्या मेन थ्रेडमधे टाकू नका, वेगळा थ्रेड करा.