नोंदणी मर्यादित असताना नव्या ब्लॉग साइटवर खाते कसे उघडावे

नवी ब्लॉग साइट सुरू झाली की सुरुवातीचे काही महिने तिचे दार अर्धेच उघडे असते. नाव-पत्ता भरायला जावे, तर ‘आमंत्रण कोड टाका’ अशी चौकट समोर येते आणि बरेच जण तिथूनच माघारी फिरतात. फिरू नका. लाइव्हजर्नल या जुन्या ब्लॉग साइटवर २००१ ते २००३ या काळात कोडशिवाय फुकट खाते मिळत नसे. जीमेल २००४ साली आले तेही आमंत्रणावरच, आणि सर्वांसाठी खुले व्हायला २००७ साल उजाडले. ट्विटरसारख्या छोट्या नोंदींच्या ब्लूस्काय साइटने कोडची अट फेब्रुवारी २०२४ मध्ये काढली. सर्व्हरवर एकदम ताण येऊ नये, स्पॅम टाकणाऱ्यांच्या झुंडी घुसू नयेत आणि तक्रारी हाताळणाऱ्या चार माणसांचा जीव मेटाकुटीला येऊ नये, म्हणून ही अडवणूक असते. मला ती रास्त वाटते.

१. दार कोणत्या प्रकारचे आहे ते पाहा. कुठे प्रतीक्षा यादी असते, कुठे जुन्या सदस्याने दिलेला कोड लागतो, तर कुठे अर्ज वाचून माणूस मंजुरी देतो; मॅस्टोडॉन या वेगवेगळ्या लोकांनी चालवलेल्या सर्व्हरांच्या जाळ्यातले अनेक सर्व्हर असेच चालतात. पैसे भरणाऱ्याला कोड लागत नाही, अशीही सोय काही ठिकाणी असते. ड्रीमविड्थ हे ब्लॉगांचे संकेतस्थळ २००९ मध्ये खुले झाले तेव्हा तिथे ती होती. ही माहिती साइटच्या मदत पानावर सापडते.

२. यादीत नाव घाला. रोज उघडता तोच ईमेल द्या. आमंत्रणाचे पत्र हमखास स्पॅममध्ये जाऊन पडते आणि त्यातल्या दुव्याला बहुधा मुदत असते, म्हणून साइटचा पत्ता आधीच आपल्या संपर्कांत जोडून ठेवा. दोन-तीन ईमेलवरून अर्ज करू नका. त्याने नंबर लवकर लागत नाही, उलट खोटी खाती समजून सगळेच अर्ज बाद होऊ शकतात.

अर्जात ‘इथे का यायचे आहे’ असे विचारले असेल, तर दोन-तीन खरी वाक्ये लिहा. कशाबद्दल लिहिता, किती दिवसांपासून लिहिता, एवढे पुरे. नुसते ‘आवड आहे’ लिहिलेला अर्ज स्पॅमवाल्याच्या अर्जासारखाच दिसतो.

३. कोड मागायचा तर ओळखीत मागा. तिथे आधीच लिहिणाऱ्या कुणाची ओळख असेल, तर सरळ विचारा, संकोच नको. कोड खासगी निरोपातच घ्या. चारचौघांत टाकलेला कोड तुमच्याआधी दुसराच कुणीतरी वापरतो, आणि बहुतेक कोड एकदाच चालतात. टाकताना शून्य आणि ‘ओ’, एक आणि ‘एल’ यांत गल्लत होते, म्हणून तो कॉपी करूनच चिकटवा आणि मागेपुढे मोकळी जागा राहिली नाही ना, ते बघा.

कोड विकत मात्र घेऊ नका, कितीही घाई असली तरी. वापरून झालेला कोड गळ्यात मारला जातो, किंवा हुबेहूब दिसणाऱ्या बनावट पानावर तुमचा ईमेल आणि पासवर्ड काढून घेतला जातो. साइटचा पत्ता स्वतः टाइप करून उघडा आणि पासवर्ड नवा ठेवा.

४. वाट पाहताना तयारी करा. मी सगळ्यात जास्त वेळ नावावर घालवीन. नाव नंतर बदलता येईलच असे नाही, आणि बदलले तर जुने दुवे तुटू शकतात. छोटे, उच्चारता येईल असे, आणि रोमन लिपीत एकाच पद्धतीने लिहिता येईल असे नाव निवडा. ‘शिवानी’चे स्पेलिंग प्रत्येक जण वेगळे करतो, हे ध्यानात ठेवा. मनात दोन पर्याय असू द्या. जुना ब्लॉग असेल तर त्याची प्रत आत्ताच उतरवून घ्या. वर्डप्रेसवर ‘एक्स्पोर्ट’ केले की एक्सएमएल फाइल मिळते. चार-पाच लेखही तयार ठेवा.

५. आत गेल्यावर ईमेलची खातरजमा करा, दुहेरी पडताळणी (पासवर्डखेरीज आणखी एक खूण मागणारी सोय) असल्यास सुरू करा आणि नियम वाचून काढा. मराठी मजकूर नीट दिसतो का, जोडाक्षरे तुटत नाहीत ना, हे एका खासगी नोंदीत तपासा. जुना ब्लॉग बंद करू नका; नव्या साइटी कधी कधी लवकर मिटतात. काही दिवसांनी तुमच्याही हाती कोड येतील. ते खरोखर लिहिणाऱ्यांना द्या, कारण काही साइटींवर कुणाच्या कोडवरून कोण आले याची नोंद राहते.