ॲल्युमिनियमचे आटे गेलेत? बिडाचा हात लावू नका, या चुका टाळा

आपल्या कोल्हापूरचा हात बिडावर, म्हणजे ओतीव लोखंडावर बसलेला आहे. ऑइल इंजिन, पंप, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांतलं कास्टिंग, बहुतेक सगळं बीडच. बिडात आटे (थ्रेड) पाडायचा टॅप तेलाशिवाय कोरडा चालतो, चुरा भुकटी होऊन पडतो, आणि बोल्ट आवळताना कुठं थांबायचं ते मनगटाला कळतं. ॲल्युमिनियम असं काही सांगत नाही. आवळत जावं, आवळत जावं, आणि पाना एकदम हलका. बोल्ट फिरतोय, पण बसत नाही.

माझ्या गाडीच्या इंजिनावरच्या टायमिंग कव्हरमध्ये बसणारा एक बोल्ट असाच गेला. बाहेर काढला तर त्याच्या आट्यांत चांदीच्या तारेसारखं वेटोळं गुंडाळलेलं. ते वेटोळं म्हणजेच भोकातले आटे. ही खूण बघितल्याशिवाय पुढं काही करू नका. नुसता बोल्ट झिजलेला असेल तर पन्नास पैशांच्या दुखण्याला मोठं ऑपरेशन कशाला?

ड्रिल उचलण्याची घाई

पुष्कळ वेळा वरचे तीन-चार आटेच गेलेले असतात. आधीच्या कुणीतरी आखूड बोल्ट घातलेला असतो आणि खाली चांगले आटे कोरे पडलेले असतात. भोकात तार घालून खोली मोजा. जागा असेल तर ५ मिमी लांब बोल्ट घाला, काम संपलं. ॲल्युमिनियममध्ये बोल्टच्या व्यासाच्या दीडपट ते दुप्पट लांबी आत धरली पाहिजे. ६ मिमीचा बोल्ट असेल तर ९ ते १२ मिमी. मात्र लांब बोल्ट तळाला टेकला तर उलटंच होतं. टोक तळाला अडतं, कव्हर ढिलंच राहतं, तुम्ही आणखी जोर लावता आणि उरलेले आटेही उपटून येतात. म्हणून बोल्ट काढताना पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून त्या त्या जागी खोचून ठेवा. सगळे दहाच्या पान्याचे दिसतात, पण लांबी वेगवेगळी असते.

टेफलॉन टेप आणि एम-सील

इंजिन ऑइलच्या चेंबरला तळाशी, ऑइल काढायला जो ड्रेन बोल्ट असतो त्याच्यावर हा उद्योग सर्रास चालतो. टेपनं तेल थांबतं, बोल्ट धरला जात नाही. हायवेला तो गळून पडला की ऑइलचा दिवा लागेपर्यंत इंजिन जाम व्हायची वेळ आलेली असते. थोड्या जाड्या बोल्टनं जबरदस्तीनं आटे पाडून घेणं हाही तसलाच प्रकार. दोन-तीन सर्व्हिसिंग चालतं, मग चेंबरलाच चीर जाते.

हेलिकॉइल बसवताना

हेलिकॉइल म्हणजे गेलेल्या आट्यांच्या जागी बसवायची स्प्रिंगसारखी तारेची कॉइल. खरी गंमत इथं आहे. ६ मिमीच्या कॉइलला साधारण ६.३ मिमीचं ड्रिल लागतं, ८ मिमीच्या कॉइलला ८.३. टॅपही किटमधलाच हवा, नेहमीचा चालत नाही, कारण कॉइलच्या बाहेरच्या आट्यांचा व्यास मोठा असतो. नुसती कॉइल आणून घरच्या टॅपवर भागवायला गेलात तर फसलात.

मी फसलो ते वेगळ्याच जागी. हातातलं ड्रिल जरा कललं आणि भोक तिरपं झालं. शेवटी कव्हर उतरवलं आणि उद्यमनगरातल्या एका मामांकडं नेलं. त्यांनी एक शब्द न बोलता काटकोन बघायचा लहान गुण्या टॅपशेजारी उभा केला, एका बाजूनं बघितला, मग काटकोनात फिरवून दुसऱ्या बाजूनं. "हे आधी बघायचं असतंय," एवढंच. कॉइल धरण्याइतकं भोक सरळ राहिलंच नव्हतं. मामांनी भोक मोठं करून नवे आटे पाडले आणि बाहेर १० मिमीचे, आत ६ मिमीचे आटे असलेला स्टीलचा बुश लेथवर काढून बसवला. मला विचाराल तर जिथं बोल्ट वारंवार काढावा लागतो आणि भोवती धातू जाड आहे, तिथं बुशच बरा.

टॅप कोरडा मारू नका. ॲल्युमिनियम टॅपला चिकटतं आणि नुकतेच पडलेले आटे ओरबाडून काढतं. पूर्वी रॉकेल वापरायचे. आता ते मिळणं मुश्कील, पण डिझेल चालतं. अर्धा फेरा पुढं, पाव फेरा मागं. भोक आरपार असेल तर टॅपच्या खाचांत ग्रीस भरा, चुरा त्यात धरला जातो. भोक बंद असेल तर शेवटी हवा मारून आतलं तेल पूर्ण काढा, डोळ्यांवर चष्मा लावून. तेल दाबलं जात नाही. वरून बोल्ट आवळला की कास्टिंगच तडकतं. कॉइल पृष्ठभागापासून अर्धा आटा खाली बसवा आणि तिची खालची आडवी शेपटी तोडून बाहेर काढा. ती इंजिनात पडली तर पुढचं सांगायला नको.

टॅपच मोडला तर ठोकाठोक नको. पार्ट सुटा असेल तर तुरटीच्या गरम दाट पाण्यात ठेवा. पोलादी टॅप हळूहळू विरघळतो, ॲल्युमिनियमला विशेष काही होत नाही. वेळ मात्र भरपूर लागतो.

स्पार्क प्लगचे आटे गेले असतील तर घरी हात लावू नका, गॅरेजमध्ये इंजिनाचं हेड उतरवून घ्या. चुरा सिलिंडरमध्ये गेला तर रेघा पडतात.

शेवटचा आवळा

इम्पॅक्ट गन बाजूला ठेवा. दहाच्या पान्याच्या, म्हणजे ६ मिमीच्या बोल्टला ॲल्युमिनियममध्ये साधारण ८ ते १० न्यूटन-मीटर पुरतात. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा आणि किती जोर लागला ते मोजणारा टॉर्क पाना लावा. आट्यांना तेल लागलेलं असेल तर तोच आकडा जास्त ताण देतो, हेही ध्यानात ठेवा. टॉर्क पाना नसेल तर रॅचेटचा दांडा न धरता डोकं मुठीत धरून आवळा.

माझ्या कव्हरवरच्या त्या बोल्टशेजारी मामांनी लाल रंगाचा ठिपका दिलाय. पुढच्या मिस्त्रीला कळावं, इथं बुश आहे.