एक्सव्ही६शी पहिली ओळख

तिसऱ्या वर्षाचा ऑपरेटिंग सिस्टीमचा पेपर मी पाठांतरावर काढला. पेजिंगची, म्हणजे मेमरीची पानं पाडून वाटण्याच्या पद्धतीची, आकृती डोळे मिटून काढता यायची. पण पेज फॉल्ट आल्यावर, म्हणजे प्रोग्रामने जागेवर नसलेल्या किंवा परवानगी नसलेल्या पानाला हात लावल्यावर, पुढे कोण काय करतं, हे विचारलं असतं तर मी गप्प बसले असते. ते मला एक्सव्ही६ने शिकवलं.

एमआयटीत २००६ साली शिकवण्यासाठीच ही छोटी ऑपरेटिंग सिस्टीम लिहिली. नमुना १९७५ च्या युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीचा. आधी ती एक्स८६ प्रकारच्या प्रोसेसरवर चालायची, आता रिस्क-फाइव्ह प्रकारच्या प्रोसेसरवर चालते. वेगळं मशीन लागत नाही, लिनक्सवर क्यूएमू, म्हणजे दुसऱ्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम, पुरतो. त्यातून बाहेर पडायला कंट्रोल-ए आणि मग एक्स, एवढं लिहून ठेवा.

कोड पहिल्या फाईलपासून वाचायला घेऊ नका. एक सिस्टीम कॉल, म्हणजे प्रोग्रामने कर्नलकडे (सिस्टीमच्या गाभ्याकडे) केलेली मागणी, धरा, आणि त्याच्या मागे जा. प्रोसेसचा नंबर सांगणारा गेटपिड सगळ्यात सोपा. कॉलचा नंबर ए७ रजिस्टरमध्ये जातो, ईकॉल ही कर्नलला हाक मारणारी सूचना चालते, ट्रॅम्पोलिन नावाच्या छोट्या कोडमधून कॉल कर्नलमध्ये शिरतो, टेबलातून फंक्शन सापडतं, उत्तर ए० मधून परत येतं. हा प्रवास कागदावर हाताने काढा. मला दोन दिवस लागले, आणि ते सार्थकी लागले.

खरं शिक्षण झालं ते कॉपी-ऑन-राइट फोर्क लिहिताना. फोर्क म्हणजे चालू प्रोसेसमधून नवी, 'मूल' प्रोसेस बनवणारा कॉल. मुळात तो पालक प्रोसेसची सगळी मेमरी कॉपी करतो. ती आधी वाटून घ्यायची, दोघांकडे फक्त वाचायची परवानगी ठेवायची, आणि कोणी लिहायला गेलं की फॉल्ट येईल तेव्हा ते एक पान कॉपी करायचं. माझी साधी टेस्ट पास झाली, पाइपवाली (पाइप म्हणजे दोन प्रोसेसमधली डेटाची नळी) होईना. मुलाने पाइपमधून वाचलेला डेटा पालकाच्या बफरमध्ये दिसत होता! कारण रीड कॉलने वाचलेला डेटा कर्नल स्वतः कॉपीआउट या आपल्या फंक्शनमधून थेट फिजिकल पत्त्यावर लिहीत होता. तिथे युजर प्रोग्रामचं पेज टेबल (कोणतं पान कुठे आणि कोणत्या परवानगीने आहे याची यादी) हार्डवेअर तपासतच नाही, मग फॉल्ट येणार कुठून? पान कॉपी करायचं काम कॉपीआउटमध्येही घातलं, तेव्हा सुटलं. पेज फॉल्ट नक्की कोण उठवतं, हे त्या संध्याकाळी मला कळलं.

असं अडलात तर आधी एकच सीपीयू ठेवून चालवा, म्हणजे अनेक सीपीयू एकाच वेळी एकाच डेटाला हात लावू नयेत म्हणून असलेल्या लॉकचा गोंधळ त्यात मिसळत नाही. कर्नल पॅनिक झाला, म्हणजे चूक सापडून थांबला, तर एसकॉज (कारणाचा नंबर ठेवणारं रजिस्टर) बघा: १३ म्हणजे वाचताना फॉल्ट, १५ म्हणजे लिहिताना. आणि एसईपीसीमधला (फॉल्ट कुठे झाला ते ठेवणाऱ्या रजिस्टरमधला) पत्ता अ‍ॅडर-टू-लाइन या टूलला द्या, तो कोडची नेमकी ओळ दाखवतो.