चिलरला नापास करण्याआधी बादली मागा

एनर्जी ऑडिटर, म्हणजे इमारतीत वीज कुठे वाया जाते ते मोजून सांगणारा, व्हायचं असेल तर परीक्षेचं आधी उरकून टाकू. ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीचे चार पेपर ऑडिटरला, तीन एनर्जी मॅनेजरला. नेटाने अभ्यास केला तर निघतात, महागडा क्लास लागतोच असं नाही. पण परीक्षेतल्या गणितात पाण्याचा प्रवाह आणि तापमान ‘दिलेलं’ असतं. महाप्याच्या किंवा वागळे इस्टेटच्या प्लँटरूममध्ये ते कुणी देत नाही, आणि नवा ऑडिटर आपटतो तो तिथेच.

बिलांचं काम त्या मानाने सोपं. चोवीस महिन्यांची मागा, म्हणजे उन्हाळा आणि पावसाळा दोनदा दिसतो. महावितरणच्या एचटी (उच्च दाबाच्या) ग्राहकाला एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर, म्हणजे घेतलेल्या एकूण विजेवर बिल येतं. पॉवर फॅक्टर (एकूण विजेपैकी खरंच कामाला आलेला वाटा) सुधारला की फायदा युनिटमध्येच दिसतो, वेगळा इन्सेंटिव्ह उरलेला नाही. तरी ‘पीएफ इन्सेंटिव्ह मिळेल’ हे वाक्य नव्या अहवालांत सापडतं. कुणाच्या तरी जुन्या फाइलमधून उचललेलं असतं, दुसरं काय! मीटरचा लोड सर्व्हे (कोणत्या वेळी किती लोड होता त्याची नोंद) मात्र आवर्जून काढून घ्या. रविवारी पहाटे तीनला रिकाम्या ऑफिसचा लोड किती, हा एक आकडा अर्धा ऑडिट सांगून जातो.

आता खरा सापळा. मोठ्या एसी इमारतीत सगळ्यांची नजर चिलरच्या, म्हणजे एसीसाठी पाणी थंड करणाऱ्या यंत्राच्या, किलोवॅट प्रति टनावर असते: एक टन थंडाव्याला किती वीज लागते, जितकी कमी तितकं बरं. सूत्र सगळ्यांना पाठ आहे: पाण्याचा प्रवाह ताशी घनमीटरमध्ये गुणिले आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाण्याच्या तापमानातला फरक, भागिले ३.०२४, उत्तर टनात. समजा प्रवाह १८० घनमीटर, फरक ३ अंश, कॉम्प्रेसर १३० किलोवॅट. टन आले १७८.६, म्हणजे ०.७३ किलोवॅट प्रति टन. आता खरा फरक ३.४ अंश असेल तर उत्तर येतं ०.६४, चिलर ठणठणीत. २.६ असेल तर ०.८४, चिलर बदला. म्हणजे सगळा निकाल ०.४ अंशावर टांगलेला, आणि पॅनेलवरचे दोन सेन्सर आपसात तेवढे सहज चुकतात. डिझाइनला फरक ५ अंशांचा धरलेला असतो, पण अर्ध्या लोडवर चालणाऱ्या इमारतीत तो ३ वर येतो. चूक तेवढीच राहते, टक्केवारी मात्र फुगते. कोट्यवधींच्या नव्या चिलरची शिफारस अशा चुकीवर उभी राहू शकते, आणि राहतेही.

म्हणून ऑपरेटरकडे एक बादली मागा. पाणी भरा, दोन्ही थर्मामीटर एकत्र बुडवा, ढवळा, पाच मिनिटं थांबा. दोघांत ०.२ चा फरक दिसला तर तो लिहून ठेवा आणि जास्त दाखवणाऱ्याच्या पुढच्या प्रत्येक रीडिंगमधून वजा करा. नंतर दोघांची जागा बदलून पुन्हा रीडिंग घ्या. थर्मोवेल (थर्मामीटर घालायला पाइपमध्ये बसवलेली नळी) कोरडं असेल तर आत थोडं तेल घाला, नाहीतर हवेचंच तापमान मोजून याल. वेल नाहीच आणि पाइपच्या पृष्ठभागावर मोजावं लागलं, तर सेन्सर पेस्ट लावून बांधा आणि वरून लॅगिंग (इन्सुलेशनचं आवरण) गुंडाळा. आपल्याकडच्या दमट हवेत उघड्या पाइपवर लगेच घाम सुटतो.

प्रवाहाचंही तेच. अल्ट्रासॉनिक मीटर सरळ पाइपवर बाहेरून लावायचा: बेंडनंतर पाइपच्या व्यासाच्या दहापट जागा, पुढे पाचपट. प्लँटरूममध्ये इतकी जागा बहुधा नसतेच, तेव्हा असेल ती सर्वांत लांब सरळ रेषा निवडा आणि तडजोड केली हे अहवालात लिहा. रंग खरवडा. पाइपची जाडी ड्रॉइंगवरून उचलू नका, थिकनेस गेजने मोजा. आतला व्यास २०० मिमी असताना जाडी २ मिमीने चुकली तर प्रवाह सुमारे ४ टक्क्यांनी चुकतो. मोजून झाल्यावर लॅगिंग पूर्ववत करा. उघडं ठेवून गेलेल्या ऑडिटरला पुढच्या वेळी कुणी आत घेत नाही.

सगळं मोजलं, तरी लगेच विश्वास ठेवू नका. हीट बॅलन्स काढा. कंडेन्सरने (चिलरचा उष्णता बाहेर टाकणारा भाग) बाहेर टाकलेली उष्णता म्हणजे थंड केलेले टन अधिक कॉम्प्रेसरची वीज. वरच्या उदाहरणात १३० भागिले ३.५१७ (एका टनाचे किलोवॅट) म्हणजे ३७ टन, बेरीज सुमारे २१५.५. कंडेन्सरकडे ताशी २२० घनमीटर पाणी वाहत असेल तर तिथे जवळपास २.९६ अंशांचा फरक दिसायला हवा. ३.३ दिसला तर बॅलन्स ११ टक्क्यांनी बिघडला, कुठलं तरी रीडिंग खोटं आहे. ५ टक्क्यांच्या आत बसेपर्यंत निष्कर्ष लिहायचा नाही. ओपन ड्राइव्ह चिलर (मोटर कॉम्प्रेसरच्या बाहेर असलेला) असेल तर मोटरचा लॉस खोलीत जातो, पाण्यात नाही, तेवढा वगळा. पहिल्या दोन-तीन साइटवर बॅलन्स बसत नाहीच. त्यात लाज नाही. न बसलेला बॅलन्स झाकून ठेवण्यात आहे.

वीज मोजणाऱ्या पॉवर अ‍ॅनालायझरची चूक निदान ओरडून सांगते. एक सीटी (करंट मोजायला तारेभोवती बसणारा करंट ट्रान्सफॉर्मर) उलटी बसली तर किलोवॅट एक तृतीयांश दिसतात. दोन सीटींची अदलाबदल झाली तर जवळपास शून्य. पॅनेल उघडायचं काम इमारतीच्या परवानाधारक इलेक्ट्रिशियनचं, तुमचं नव्हे. आणि पॅनेलमधल्या कायमच्या सीटीचं सेकंडरी चालू लोडवर कधीही उघडायचं नाही. हे विनंती म्हणून लिहिलेलं नाही.

ज्याच्या हाताखाली शिकायचं तो सिनिअर निवडताना त्याच्या टूलबॅगकडे बघा. बॅगेत नुसता लॅपटॉप असेल तर तो तुम्हाला एक्सेल शिकवेल. आणि उपकरण विकणाऱ्याच्या ‘मोफत ऑडिट’मध्ये उमेदवारी करू नका, तिथे उत्तर आधी ठरतं आणि रीडिंग मागून येतात.

इतकी मोजणी शिकलात तरी पहिली बचत बहुधा हाताने सापडेल. दोन चिलरपैकी एक बंद असताना त्याच्या पाइपला हात लावा. थंड आणि घामेजलेला लागला तर त्याचा व्हॉल्व्ह उघडा राहिलाय. चालू चिलरचं ७ अंशांचं पाणी आणि बंद चिलरमधून तसंच आलेलं १२ अंशांचं पाणी समान मिसळलं की हेडरला (दोन्ही चिलरचं पाणी एकत्र येतं त्या मुख्य पाइपला) ९.५ मिळतं. वरच्या मजल्यावरून गरम होतंय अशी तक्रार येते, ऑपरेटर सेटपॉइंट (चिलरला ठरवून दिलेलं पाण्याचं तापमान) खाली आणतो, नाहीतर दुसरा चिलरही चालू करतो. व्हॉल्व्ह बंद करा, बंद चिलरचा पंपही थांबलाय ना ते बघा, अर्ध्या तासाने हेडरचं तापमान पुन्हा घ्या. सेटपॉइंट वर न्यायचा मोह जुलै-ऑगस्टमध्ये मात्र आवरा: पाणी कोमट झालं की कॉइल हवेतली ओल काढत नाही आणि आठवड्याभरात फॉल्स सीलिंगवर काळे डाग दिसायला लागतात.