‘पोऱ्या पास व्हयना’ (पोरगा पास झाला) म्हणून निश्चिंत होऊ नका

जळगाव-धुळे-नंदुरबारकडून कॅलिफोर्नियात येणारी मंडळी आधी भाड्याचं घर बघतात, मग गाडी, मग शेवभाजीचा मसाला कुठे मिळतो ते. हायस्कूलची चौकशी शाळा उघडायच्या आदल्या आठवड्यात होते. मूल सहावी-सातवीत असेल तर निभावतं. नववीपासून पुढे असेल तर हे आधी वाचा.

इथे बोर्ड नाही. राज्याची एक परीक्षा होती, ती २०१५ मध्ये थांबवली आणि पुढे रद्दच झाली. म्हणजे शेवटी एक मोठा पेपर देऊन सगळं भरून काढू, ही आपली सवय उपयोगाची नाही. नववी ते बारावी अशी चार वर्षं, प्रत्येक विषयाची प्रत्येक सेमिस्टरची श्रेणी कायमच्या उताऱ्यावर (ट्रान्स्क्रिप्टवर) चढते. आपल्याकडे नववी म्हणजे दहावीची रंगीत तालीम. इथे नववीच्या पहिल्याच दिवशी पडदा वर गेलेला असतो.

डिप्लोमासाठी, म्हणजे हायस्कूल पूर्ण केल्याच्या प्रमाणपत्रासाठी, राज्याची किमान अट अशी: इंग्रजी ३ वर्षं, गणित २, त्यात बीजगणित आलंच पाहिजे, विज्ञान २, एक जीवशास्त्राचं आणि एक भौतिक शाखेचं, सामाजिक शास्त्रं ३, म्हणजे जगाचा इतिहास, अमेरिकेचा इतिहास आणि एकेक सेमिस्टर शासनव्यवस्था व अर्थशास्त्र, शारीरिक शिक्षण २, आणि कला, परकी भाषा किंवा व्यवसाय शिक्षण यांपैकी कशाचं तरी १. हो, पीटीची दोन वर्षं खरोखर मोजतात. यावर शाळेचं डिस्ट्रिक्ट, म्हणजे त्या भागातल्या शाळा चालवणारं स्थानिक मंडळ, आपली भर घालतं. बहुतेक ठिकाणी एका विषयाच्या एका सेमिस्टरला ५ क्रेडिट असतात आणि एकूण २१० ते २३० च्या आसपास लागतात. नेमका आकडा डिस्ट्रिक्टकडूनच घ्या. शेजारच्या गावातल्या मित्राचा आकडा तुमच्या कामाचा नाही.

आता ज्याची किंमत मुलं मोजतात ते. डिप्लोमाची यादी वेगळी आणि विद्यापीठाची वेगळी. कॅलिफोर्निया विद्यापीठ (बर्कली, लॉस एंजेलिस वगैरे) आणि कॅल स्टेट (राज्याचीच दुसरी विद्यापीठ साखळी), दोन्हींना ‘ए-जी’ नावाची यादी लागते: इतिहास २, इंग्रजी ४, गणित ३, विज्ञान २, परकी भाषा २, कला १ आणि एक ऐच्छिक, असे वर्षभराचे १५ कोर्स. प्रत्येकात सी किंवा वर. शाळा डी श्रेणीलाही क्रेडिट देते. पोर्टलवर क्रेडिट पूर्ण दिसतात, कोणी फोन करत नाही आणि गावी आजोबांना कळवलं जातं, पोऱ्या पास व्हयना. ३५ ला पास म्हणणारे आपले कान डी ऐकून शांत बसतात. पण डी मिळालेला विषय विद्यापीठाच्या हिशेबी झालेलाच नसतो. हे बारावीच्या नोव्हेंबरात, अर्ज भरताना कळलं तर हातात वेळ उरत नाही.

डी येतो तो मूल ढ असतं म्हणून नाही. न दिलेल्या गृहपाठाला शून्य मिळतं आणि अशी पाच-सहा शून्यं चाचणीतले ८५ गुणही खाली ओढतात. परीक्षेच्या आधी महिनाभर रात्री जागून अभ्यास करणाऱ्या मुलाला हाच फटका बसतो. म्हणून पालकांचं पोर्टल दर रविवारी उघडा आणि टक्क्यांच्या आधी ‘दिलेला नाही’ असा शेरा शोधा. डी आलाच तर त्याच उन्हाळ्यात तो विषय पुन्हा घ्यायला लावा. गणितात आणि परक्या भाषेत सवलत आहे: वरच्या पातळीला सी मिळाला की खालचा डी भरून निघू शकतो. इंग्रजीत किंवा इतिहासात तसं धरून चालू नका.

निघण्यापूर्वी शाळेतून काय आणायचं? फक्त दहावीची गुणपत्रिका नव्हे, आठवीपासून प्रत्येक वर्षाची, सही-शिक्क्यासह. शाळा सोडल्याचा दाखला मराठीत असेल तर त्याचं इंग्रजी भाषांतर. लसीकरणाचं कार्ड. आणि गणिताच्या दोन्ही भागांच्या पुस्तकांच्या अनुक्रमणिका. गुणपत्रिकेवर नुसतं ‘गणित’ लिहिलेलं असतं, इथे बऱ्याच शाळांत बीजगणित आणि भूमिती ही दोन वेगळी वर्षं आहेत. अनुक्रमणिका दाखवली नाही तर आलेलंच गणित मूल पुन्हा वर्षभर करत बसतं.

मराठी माध्यमाची लाज वाटणाऱ्यांसाठी एक गंमत. सहावी किंवा त्यापुढची दोन वर्षं इंग्रजीखेरीज दुसऱ्या माध्यमात सी किंवा वर श्रेणीने झाली असतील, तर कॅलिफोर्निया विद्यापीठाची परक्या भाषेची अट त्यातच पुरी होते. चोपड्याच्या जिल्हा परिषद शाळेतलं मूल इथे इंग्रजी माध्यमवाल्याच्या दोन वर्षं पुढे. फक्त बोनाफाइडवर ‘माध्यम: मराठी’ लिहून आणा आणि इथल्या उताऱ्यावर त्याची नोंद करून घ्या.

अकरावीत येणाऱ्या मुलाची ओढाताण फिजिक्स-केमिस्ट्रीत होत नाही. जगाचा इतिहास, अमेरिकेचा इतिहास, शासनव्यवस्था, सगळं दोन वर्षांत बसवावं लागतं, तिथे होते.

नव्या नियमांबद्दल ग्रुपवर बरंच काही फिरतं. पक्कं एवढं: वैयक्तिक अर्थनियोजनाचा एक सेमिस्टरचा विषय २०२४ च्या कायद्याने आला आहे. २०२७-२८ पासून शाळांनी तो शिकवायचा आणि २०३०-३१ मध्ये बाहेर पडणाऱ्या तुकडीपासून तो सक्तीचा, म्हणजे २०२७ मध्ये नववीत जाणाऱ्यांना. तो घेतला तर अर्थशास्त्राच्या सेमिस्टरमधून सूट मागता येते. वांशिक अभ्यासाचा २०२१ चा कायदा राज्याने निधी दिला तरच लागू होतो. काही डिस्ट्रिक्टनी मात्र तो आपल्यापुरता सक्तीचा केला आहे, तेव्हा विचारून घ्या.

पुण्या-मुंबईचे जुने रहिवासी पहिल्याच भेटीत सांगतील, चार एपी (कॉलेजच्या पातळीचे विषय) घ्या, एसएटी या प्रवेश परीक्षेचा क्लास लावा. कॅलिफोर्निया विद्यापीठ प्रवेशासाठी एसएटी बघतच नाही. नुकत्याच आलेल्या मुलाला चार एपी म्हणजे डीला आमंत्रण. पहिल्या वर्षी एक पुरे.

कौन्सेलरची (शाळेतल्या विषयनिवडीच्या सल्लागाराची) वेळ ऑगस्टमध्येच मागा, कारण एकेकाकडे शेकडो मुलं असतात. चार वर्षांचा आराखडा छापून घ्या आणि प्रत्येक विषयापुढे तो ए-जीमध्ये आहे की नाही ते लिहून घ्या. मान्य विषयांची यादी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शाळेच्या नावाने सापडते. नावं जवळपास सारखी असलेल्या दोन विषयांतला एक यादीत असतो, दुसरा नसतो. ताडून बघायचं काम कौन्सेलरवर सोडू नका.